चित्रातले हात

आमच्या गावावर लहान मुलांसाठी एक पुस्तक निघालं आहे. पुस्तकात पाच गावं आहेत, त्यातलं एक आमचं. आमच्या गावाची आठ पानं मी तोंडी सांगितलेली, आणि त्या आठांतलं एक पान खोटं होतं. ज्यांच्याबद्दल ते पान होतं ते अजून जिवंत आहेत, ऐंशीला टेकलेत. त्यांच्या हयातीत खरं काय ते कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी मी बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही. बसायच्या आधी गॅस बंद आहे का ते तीनदा बघून आले.

मी इथं त्यांना 'ते' म्हणते. गावात असताना म्हणत नव्हते.

गाव लोहारा तालुक्यात, सास्तूर आणि माकणीच्या मधलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जुनी जागा सोडून माळावर गेलं. भूकंपाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. त्यात आई गेली. सहावीनंतर माझी शाळा सुटली, कारण घरात भाकरी थापायला दुसरं कुणी नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यामागं पुण्याला आले. गावाकडं जाणं होतं ते कुणाच्या मयतीला, नाहीतर यल्लमाच्या जत्रेला, तेही आता कमी.

मी ज्यांच्याकडं कामाला आहे त्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मुलांसाठी पुस्तकं लिहायला लागल्या. मी आले तेव्हा मला वाचता येत होतं, पण लिहायचं म्हटलं की घाम यायचा. बाईंनी पहिल्या महिन्यात मला किराण्याची यादी लिहायला लावली आणि ती यादी सामान आल्यावरही कितीतरी दिवस फ्रिजवर लावून ठेवली. माझ्या मुलीचा दहावीचा अभ्यास त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. आता त्यांच्या एका डोळ्यानं दिसत नाही, म्हणून रोजचा पेपर मी वाचून दाखवते. मधे अडखळले तर त्या थांबतात, पुढचा शब्द सांगत नाहीत. म्हणतात, "येईल तुला." आणि येतो.

हे सगळं मी विसरत नाही, आणि विसरत नाही म्हणूनच मला सारखी धाकधूक असते. दूध उतू गेलं तरी वाटतं, आता बाई काय म्हणतील. त्या आजवर काही म्हणालेल्या नाहीत.

एके दिवशी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. बाईंना मोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या गावांवर पुस्तक करायचं होतं. म्हणाल्या, "तुमच्या गावाचं सांग. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना कळेल असं."

"काय सांगायचं बाई, समदं पडलं आणि परत बांधलं."

"तुला कुणी बाहेर काढलं?"

मी सांगितलं. गावाबाहेर वस्ती होती. बाई लिहिताना वस्तीच लिहितात, आम्ही मांगवाडा म्हणायचो. तिथले एक जण हलगी वाजवायचे. आदल्या दिवशी गणपती बोळवताना त्यांनीच वाजवली होती. आमची घरं माळवदाची. दगड-मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं. ती बसली. वस्तीतली छपरं कुडाची. ती पडली तरी खालचा माणूस उठून उभा राहिला. म्हणून सगळ्यात आधी ते लोक आले. हलगीवाले खोरं घेऊन आले होते, पण खोऱ्याचा घाव आत कुणाला लागेल म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं आणि हातानं उकरलं. उजाडत होतं तेव्हा मला पायाला धरून बाहेर ओढलं, मग माझ्या चार वर्षांच्या भावाला. मग आईला. आई गेलेली होती.

हे सगळं खरं आहे. यातलं आजही एक अक्षर बदलायचं नाही.

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग विचारलं, "पुढं काय झालं? गावानं काय केलं त्या माणसाचं?"

मी मेथीच्या काड्या गोळा करत होते. "लई मान दिला बाई."

"म्हणजे कसा?"

"खांद्यावर घेतलं."

ज्या बाईनं आपल्याला एवढं दिलं, तिच्या डोळ्यांत आपल्या गावासाठी पाणी आलेलं. अशा वेळी पुढचं सांगायला माझी जीभ उचलली नाही. त्या दिवशी नाही उचलली तर दुसऱ्या दिवशी उचलायला हवी होती. बाईंनी तेच आणखी दोन वेगळ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या वेळेपर्यंत माझ्या सांगण्यात हार आला होता, गुलाल आला होता, आणि भूकंपानंतर राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं बिऱ्हाड आमच्या शेजारी आलं होतं.

पुस्तक छापून आलं. पांढरं धोतर, हातात हलगी, आणि चार माणसांच्या खांद्यावर बसलेले ते, असं पानभर चित्र. खाली दोन वेण्यांची एक मुलगी, म्हणजे मी. ती म्हणते, "काका, मलाही हलगी शिकवा ना." हे मी सांगितलेलं नव्हतं, बाईंनी मनानं घातलं होतं. पण मला वाचून दाखवलं तेव्हा मी मान डोलावली.

बाई म्हणाल्या, तुझ्या गावच्या शाळेला दहा प्रती पाठवू. मीच पुडकं बांधलं, मीच पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर तो पत्ता मी कितीदा तरी वाचला. पत्ता चुकेल म्हणून धाकधूक होती. आत काय आहे याची त्या वेळी वाटली नाही.

भूकंपाच्या स्मृतिदिनाला गुरुजींनी ते शाळेच्या व्हरांड्यात मोठ्यानं वाचलं. त्याच संध्याकाळी मला फोन आला.

"ओळखलंस का?"

नाही ओळखलं. मग तिनं सांगितलं. हलगीवाल्यांची मुलगी. पहिलीपासून माझ्या वर्गात होती. मी पुढं बसायचे, ती दारापाशी. ती दहावीपर्यंत शिकली. नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन बापाजवळच राहते आणि शाळेत खिचडी शिजवते.

"पुस्तक तू लिवलंस व्हय?"

"मी न्हाय गं. आमच्या बाईंनी."

"मग बाईला सपान पडलं म्हण की."

ती सावकाश सांगत होती, चिडलेली वाटत नव्हती. खिचडीला डाव लावून उभी होती, खिडकीतून गुरुजींचा आवाज येत होता, निम्मं पान होईपर्यंत तिला कळलंच नाही की हे तिच्या बापाचं चाललंय.

"खांद्यावर घेतलं म्हणं बाला. मी म्हणले, आपुन कुठं होतो त्या दिवशी? आपल्याला कुणी बलावलंच न्हाय."

"अगं..."

"आन् तू काका म्हणत होतीस व्हय आमच्या बाला? कधीपास्नं?"

मी म्हणाले, "त्यांना कळलंय का?"

"पोरगी एक पुस्तक घरी घिऊन आली. बाच्या उजव्या कानापशी बसून वाचलं तिनं. बानं परत वाचाया लावलं."

"काय म्हणाले?"

"म्हणला, लई चांगलं गाव हाय. कुठलं म्हणं हे?"

ती हसली. मग म्हणाली, "वाढताना एका पोरानं मला सांगितलं, मावशी, आजोबाला हलगी वाजवाया सांगा की. म्हणले सांगते. काय सांगू मी त्येला?"

काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं.

त्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, शेतात राखणीला होते म्हणून वाचले. ते पळत आले तोवर आईला पडक्या पाराशेजारी निजवलेलं होतं. आबांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पाटल्या कुठायत?" दोन्ही मनगटं मोकळी होती.

त्या दिवसांत सगळीकडं हूल होती की बाहेरून माणसं येतात आणि मढ्याच्या अंगावरचं सोनं काढून नेतात. खरं-खोटं मला माहीत नाही. आबांनी मला विचारलं, "आईला कुणी काढलं?" मी बोट दाखवलं. "त्यानं काढलं. त्यानं हात धरला होता आईचा."

हात धरला होताच. धरल्याशिवाय माणूस ढिगाऱ्यातून निघत नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं, विचारलं तेवढं मी सांगितलं. आणि 'त्यानं' म्हणाले. आबांपेक्षा ते चार वर्षांनी मोठे असतील, पण वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसालाही आमच्याकडचं शेंबडं पोर अरे-तुरे करायचं. पुस्तकातली ती वेण्यांची मुलगी 'काका' म्हणते. मी तो शब्द त्यांच्यासाठी कधी वापरला नाही, वापरताना कुणाला ऐकलंही नाही.

संध्याकाळपर्यंत उकरून उकरून त्यांची नखं गेली होती. दोन्ही हातांना लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, त्या रक्तानं काळ्या झालेल्या. कुणीतरी म्हणालं, चिंध्या सोडा, आत लपवलं असंल. सोडल्या. आत काही नव्हतं. तरी मारलं. आबा होते, भावकीतले आणखी तिघे होते. तंबूला आणलेल्या बांबूनं मारलं. एक वार डाव्या कानावर बसला. पाऊस चालू होता आणि त्यांची मुलगी, माझ्या वर्गातली, बांबू धरायला धावत होती. माझ्या अंगावर कुणीतरी घातलेली घोंगडी होती. मी त्या घोंगडीतून बघत होते.

तो कान गेला. हलगी त्यांनी त्यानंतर वाजवली नाही. नव्या गावात ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर मिळालं, ज्याला नाही त्याला लहान. ते गावाच्या पार शेवटच्या ओळीत गेले, आम्ही पहिल्या ओळीत.

आणि पाटल्या सापडल्या. दिवाळीच्या सुमाराला आबा जुन्या घराचा ढिगारा उपसत होते. मी चहाची किटली घेऊन गेले होते. उतरंडीचं सगळ्यात खालचं मडकं अर्धं शाबूत होतं, त्यात ज्वारीचं पीठ, आणि पिठात पाटल्या. सणाच्या दिवशी पुरण वाटायला बसताना आई त्या काढून ठेवायची. आबांनी धोतराला पीठ पुसलं, पाटल्या कनवटीला लावल्या आणि माझ्याकडं बघितलं. "कुणापशी बोलायचं न्हाय." मी बोलले नाही. चहा गार झाला होता, तरी त्यांनी तो घेतला.

फोनच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं. मारल्याचं सांगितलं, चिंध्यांचं सांगितलं, मी बोट दाखवल्याचंही सांगितलं. पाटल्या सापडल्याचं सांगितलं नाही. म्हणाले, त्यांचा पत्ता लागला नाही.

मला वाटलं होतं, बाई म्हणतील उद्यापासून येऊ नकोस. रात्रभर मी हिशेब केला होता की दुसरं काम बघायला कुणाकडं जायचं. बाईंनी पुस्तक काढून ते पान उघडलं. मग म्हणाल्या, "मी तुला तीनदा विचारलं ना?"

"व्हय बाई."

"आणि तिन्ही वेळा मला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले मी. पाठ केलेलं उत्तर मला कळायला हवं होतं."

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नकोस, ते पान पुसून काढायला बस." पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. बाईंनी ते पान नव्यानं लिहिलं. अगदी साध्या चार-पाच वाक्यांत. ज्यानं हातानं उकरून माणसं काढली त्याच्यावर गावानं चोरीचा आळ घेतला आणि त्याला मारलं. त्याच्याकडं काही सापडलं नाही. गावानं त्याची माफी मागितली नाही. एवढंच. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आठ वर्षांच्या पोराला कळेल?"

"मी नऊची होते बाई. मला कळत होतं."

बाईंचं म्हणणं होतं की दोन्ही घरांना विचारल्याशिवाय छापायचं नाही. हलगीवाल्यांच्या मुलीनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छापा. बाला इचारायचं काम न्हाय, त्येचं तोंड मला वाचता येतंय." मग मी माझ्या भावाला फोन लावला. चार वर्षांचा होता तो. आता गावात त्याचं खताचं दुकान आहे, चार लोकांत ऊठबस आहे.

"आक्का, तुला पुण्यात बसून काय सुचायलंय?"

"नाव कुणाचंच न्हाय रं त्यात."

"नाव कशाला पायजे? कुणी मारलं ते गावाला ठावं हाय. आबा हायेत का आता उत्तर द्यायला?"

"त्यांनी तुला काढलं होतं. दोन्ही हातांनी."

"म्हणून काय जलमभर त्येंच्या पाया पडू? आता गावात कुणी कुणाला काय म्हणत न्हाय. समदे एका हाटेलात च्या पित्यात. तू कशाला उकरतीस?"

मी म्हणाले, पाटल्यांचं तुला ठाऊक आहे का? तो जरा थांबला. म्हणाला, "कसल्या पाटल्या?" मग म्हणाला, "ठेवतो, गिऱ्हाईक आलंय."

त्याला माहीत आहे की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पुढं काय झालं ते मला बाईंकडून कळलं तेवढं. भावानं आणि गावातल्या काही लोकांनी प्रकाशकांना कळवलं की पुस्तकामुळं गावाची बदनामी होते. प्रकाशकांनी बाईंना सांगितलं, मुलांच्या पुस्तकात मारहाण नको, वाद नको. पहिलं होतं तेच ठेवू. बाई म्हणाल्या, ते खोटं आहे, ते मी ठेवू देणार नाही. मग मधला मार्ग निघाला. तो ज्या दिवशी निघाला त्या दिवशी बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी सही केली. रिक्षात मला म्हणाल्या, "भांडायला बळ लागतं गं. मी कमी पडले." मी त्यांचा हात धरून बसले होते. मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता का, ते मला कळत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत त्या पानावर लिहिलंय, "गावकऱ्यांनी एकमेकांच्या मदतीने ढिगारे उपसले आणि अनेकांचे प्राण वाचवले." चित्रही बदललं. आता त्यात माणूस नाही, हलगी नाही, वेण्यांची मुलगी नाही. दगड बाजूला करणारे नुसते हात आहेत, आठ-दहा. मनगटाच्या वर काही नाही. गोरे आहेत, स्वच्छ आहेत, सगळ्यांना नखं आहेत.

मी ते पान तिला फोनवर वाचून दाखवलं. तिकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग बा कुठाय ह्यात?"

"न्हाय."

"पहिलं खोटं होतं," ती म्हणाली, "पण बा होता त्यात. आता खोटंबी न्हाय आन् बाबी न्हाय."

भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्या आठवड्यात मी एक पान लिहून काढलं. बाईंचा डोळा बांधलेला होता, त्यांना दाखवता येत नव्हतं, म्हणून चुका तशाच राहिल्या. कुणी काढलं, कुणी मारलं, कुणी बोट दाखवलं. पाटल्यांपाशी मी लिहिलं, "पाटल्या सापडल्या नाहीत." हात आपोआप ते लिहून गेला. दोन प्रती केल्या. मैद्याची खळ शिजवली आणि एक पान दुसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकात, त्या हातांच्या चित्रासमोर, चिकटवलं. दुसरी प्रत पोस्टानं तिला पाठवली. आणखी एक शाळेत गुरुजींना पाठवावी असं मनात होतं. तिनं गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, असं बाहेरचं पान मुलांना वाचून दाखवता येत नाही, वरून परवानगी लागते.

पत्र पोचल्याचा तिचा फोन आला.

"वाचलं बाला."

"मग?"

"म्हणला, पोरगी नऊ वर्षांची होती, तेबी लिव्ह म्हणावं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मी म्हणले, कशाला पायजे ते? तिचं का लिवायचं? तर म्हणला, खरं लिवायचं तर समदं लिवावं. नायतर लोक म्हणतील, मोठ्या बाईनं केलं."

त्या माणसाचा कान गेला, वाजवणं गेलं, आणि ते माझ्या बाजूचं एक वाक्य राहिलं म्हणून सांगत होते. समदं लिवावं. माझ्या पानात समदं नव्हतं.

दोन दिवस मी काम करत राहिले. भाजीत मीठ दोनदा पडलं. बाई काही म्हणाल्या नाहीत, पाणी जास्त प्यायल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसून त्यांना आधी सांगितलं. पाटल्या पिठात होत्या ते. बांधलेल्या डोळ्यानं त्या छताकडं तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "मला काय सांगतेस? त्यांना सांग."

मी तिला फोन लावला आणि म्हणाले, "त्यांच्या उजव्या कानाला लाव."

"काय झालं?"

"लाव तू."

खाटेचा आवाज आला. मग श्वासाचा. "कोण?" असं म्हातारं माणूस विचारतं तसं त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यापुढं काय म्हणायचं ते येईना. काका म्हणायला पुस्तकातली मुलगी आड येत होती. शेवटी काहीच म्हणाले नाही, नुसतं "तुमी" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "तुमी ऐका. पाटल्या सापडल्या होत्या. पिठाच्या मडक्यात होत्या. आबाला सापडल्या. मी तिथं होते."

कोंबड्यांचा आवाज येत होता. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. मला वाटलं फोन कानावरून काढला असेल. मग त्यांनी, मला नाही, मुलीला विचारलेलं ऐकू आलं, "कधीपास्नं ठावं हाय तिला?"

ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "त्याच दिवाळीपासून."

मग ते म्हणाले, "ठेव." कुणाला म्हणाले, फोन तिनं ठेवायचा की मी, ते कळलं नाही. दोघींनीही लगेच ठेवला नाही.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी एकदा केला होता, तिनं उचलला नाही. खिचडीची वेळ होती, असेल कामात, असं मी मनाशी म्हटलं.

खळीनं चिकटवलेलं पान मी पाण्यानं भिजवून काढलं आणि नवं लिहून लावलं. पाटल्या सापडल्या, कुठं सापडल्या, कुणाला सापडल्या आणि कुणी बघितलं, ते आता त्यात आहे. पुस्तक बाईंच्या कपाटात आहे. घरी कुणाची पोरं आली तर बाई ते काढून द्यायला सांगतात आणि मी ते देते. चिकटवलेल्या पानाशी ती थांबतात, कारण अक्षर हाताचं असतं. मग एखादं पोर विचारतं, हे कुणी लिहिलं. मी सांगते.

मी नऊ वर्षांची होते, तेही त्या पानात लिहिलं आहे, कारण त्यांनी लिहायला सांगितलं. आणि त्याच्या खाली मी माझ्या मनानं एक ओळ घातली आहे. त्या पाटल्या मोडून माझ्या लग्नात मला गंठण केलं. ते घातलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि सोनं कुठलं आहे ते मला माहीत होतं.